कुऱ्हाड कुणाच्या हातात?

इ.स.पू. ७०१. यरुशलेमच्या तटाबाहेर, वरच्या तळ्याच्या पाटाजवळ, परटाच्या शेताकडे जाणाऱ्या रस्त्यावर अश्शूरचा एक बडा सरदार उभा आहे. बायबल त्याला रब्शाके या हुद्द्यानंच ओळखतं. पाठीशी त्या काळातलं सगळ्यात भयंकर सैन्य. बोलणी करायला राजा हिज्कीयाचे तीन कारभारी बाहेर आलेत आणि तटावर लोकांची दाटी झाली आहे. रब्शाके तोंड उघडतो तो थेट यहूदाच्या भाषेत. कारभाऱ्यांची पंचाईत होते. ते विनवतात, आमच्याशी अरामीत बोला, आम्हाला कळते ती. तटावरच्या माणसांच्या कानावर हे जायला नको. अरामी म्हणजे तेव्हाची दरबारी भाषा. रब्शाके उलट आवाज चढवतो. हे सगळं तटावरच्यांसाठीच आहे, कारण वेढ्यात उपाशी तेच मरणार आहेत, असं तो सुनावतो.

माणूस मुरलेला आहे. आधी तो यहूदाची लायकी काढतो: दोन हजार घोडे मी देतो, बसायला तितके स्वार तरी आहेत का तुमच्याकडे? हिज्कीयानं नुकतीच डोंगरांवरची यहोवाची ठाणी मोडून सगळी पूजा यरुशलेमात आणली, याचीही त्याला खबर आहे. ज्या देवाच्या वेद्या तुम्हीच पाडल्या तो तुमच्या मदतीला कशाला येईल, असं तो विचारतो. हमाथचे देव कुठे गेले, अर्पादचे कुठे गेले? शोमरोनला कुणी सोडवलं? कोणत्याही देवानं आपला मुलूख अश्शूरच्या राजाच्या हातून वाचवलेला नाही, मग यहोवा कोण लागून गेला? आणि बोलता बोलता तो एक पाचर मारून ठेवतो. मी काय यहोवाला न विचारता आलोय? या देशावर चालून जा, असं त्यानंच मला सांगितलं.

‘२ राजे’ या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात हा प्रसंग आहे. शत्रूच्या तोंडचं हे शेवटचं वाक्य लिहिणाऱ्यानं खोडलेलं नाही, आणि त्याला ते खोडताही आलं नसतं. कारण तटाच्या आत बसलेला यशया संदेष्टा बरीच वर्षं जवळपास हेच सांगत होता.

बायबलमधला देव सगळ्या राष्ट्रांचा धनी आहे, हे विधान उपदेशांत आणि प्रार्थनांत इतकं गुळगुळीत झालंय की त्यात काही चमत्कारिक आहे असं कुणाला वाटत नाही. खरं तर अशी भाषा साम्राज्यांना शोभते. निनवेच्या, म्हणजे अश्शूरच्या, राजानं ती वापरली तर नवल नाही, त्याच्याकडे रथ होते. यहूदा म्हणजे मिसर आणि मेसोपोटेमिया यांच्या कात्रीत सापडलेला डोंगराळ, पावसावर जगणारा एवढासा मुलूख. त्याच्या देवानं साऱ्या जगावर हक्क सांगावा, आणि तोही हा मुलूख एकामागून एक मार खात असताना, हे कसं घडलं? माझ्या मते या प्रश्नाचं उत्तर इस्राएलला या विचारासाठी मोजाव्या लागलेल्या किमतीत आहे, आणि ती किंमत त्याच्या संदेष्ट्यांनी खणखणीत मोजली.

आपल्याकडे गावदेवाची सत्ता गावाच्या शिवेपर्यंत असते; शीव ओलांडली की नारळ दुसऱ्या देवाला. प्राचीन पश्चिम आशियात हाच हिशेब राज्यांना लागू होता. दिमिष्कचा हदाद, मवाबचा कमोश, अमोनचा मिल्कोम, बाबेलचा मर्दूक. बायबलच्या जुन्या थरांत ही समजूत जागोजाग दिसते. अरामी सेनापती नामान कोडासारख्या रोगातून बरा होतो, अलीशा संदेष्ट्याच्या देवाला शरण येतो आणि परत जाताना एक विचित्र मागणी करतो: दोन खेचरांना पेलेल इतकी इथली माती मला न्यायची आहे. दिमिष्कात यहोवाला भजायचं तर पायाखाली जमीन त्याची हवी ना! अलीशा त्याला हसत नाही, वादही घालत नाही. ‘खुशाल जा’ एवढंच म्हणतो. दुसऱ्या एका ठिकाणी अरामी सरदार आपल्या हरलेल्या राजाची समजूत घालतात की इस्राएलचे देव डोंगरातले आहेत, पुढच्या वेळी सपाटीवर लढू.

या हिशेबात देश हरला की देवही हरला. अश्शूरी सैन्य जिंकलेल्या शहरातल्या देवमूर्ती उचलून नेत असे, त्यामागे हेच गणित होतं. मूर्तीच्या सोन्याला किंमत होतीच, पण देव ओलीस असला की प्रजाही मुकाट राहते.

पराभूतांनी यावर तोडही काढली होती. १८६८ मध्ये आजच्या जॉर्डनमधल्या ढिबान इथे काळ्या बेसॉल्टचा एक शिलालेख सापडला. आता तो पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. इ.स.पू. नवव्या शतकातला मवाबचा राजा मेशा त्यात सांगतो की कमोश आपल्या भूमीवर रागावला होता, म्हणून इस्राएलच्या अम्रीनं मवाबला दीर्घकाळ पिडलं. मग कमोशचा राग निवळला आणि मेशानं मुलूख परत घेतला. तेव्हा ‘आमचा देव कोपला म्हणून आम्ही हरलो’ हा इस्राएलनं लावलेला शोध मुळीच नव्हे. हरलेल्या कुणालाही सुचावं असं ते उत्तर आहे. पण मेशाचा कमोश अम्रीला कधी जाब विचारत नाही. अम्री हा त्याच्या दृष्टीनं आभाळातून पडलेल्या गारांसारखा. गारा पडल्या, पीक गेलं, विषय संपला. मारणाऱ्या परक्या राजाचाही न्याय आपल्याच देवानं करायचा, तो राजा त्याला ओळखत नसला तरी, ही कल्पना मेशाच्या दगडावर नाही.

आता पुन्हा ७०१ कडे. या मोहिमेची अश्शूरची बाजूही आपल्याकडे आहे, ही इतिहासाची मेहेरबानीच. राजा सन्हेरीब यानं आपल्या मोहिमांची हकीकत भाजक्या मातीच्या सहा बाजूंच्या स्तंभांवर लिहवून ठेवली. त्यातला एक, सुमारे ३८ सेंटिमीटर उंचीचा, १८३० मध्ये कर्नल टेलर यांना निनवेत मिळाला. तो ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. यहूदाची तटबंदीची ४६ शहरं घेतली, २,००,१५० माणसं बाहेर काढली, हिज्कीयाला पिंजऱ्यातल्या पाखरासारखं यरुशलेमात कोंडलं, असं सन्हेरीब सांगतो. खंडणीत ३० किक्कार सोनं आणि ८०० किक्कार चांदी. बायबलही खंडणी लपवत नाही. ते सोनं ३० किक्कारच सांगतं, चांदी मात्र ३००. (एक किक्कार म्हणजे ढोबळ ३० किलो.) दोन वैऱ्यांच्या दप्तरांत सोन्याचा आकडा इतक्या वर्षांनी जुळावा, हे इतिहासकाराला गुदगुल्या करणारं आहे.

सन्हेरीबच्या स्तंभावर एक गोष्ट नाही: यरुशलेम घेतल्याची. अशी फुशारकी मारायची संधी या राजानं सहजी सोडली नसती. त्यानं आपल्या राजवाड्याच्या भिंतीवर यहूदाची मोहीम कोरून घेतली ती लाखीशची, जे यहूदातलं यरुशलेमखालोखालचं शहर होतं. ऑस्टिन हेन्री लेयार्डनं एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर हे शिलापट निनवेतून खणून काढले. ते बघताना पोटात कालवतं. तटाला भिडवलेला मातीचा दमदमा, त्यावरून वर चढणारी तट फोडायची यंत्रं, वरून फेकलेले पेटते पलिते. शेजारी तीन माणसं सुळावर. आणि खाली वेशीतून बाहेर पडणारी सामान्य कुटुंबं: बैलगाडीवर बोचकी, बोचक्यांवर बसलेल्या बायका आणि पोरं. पुढे सिंहासनावर बसलेला राजा लूट मोजून घेतोय. तो दमदमा इस्राएलमधल्या लाखीशच्या टेकाडाला आजही लागून आहे.

यरुशलेम का वाचलं? बायबल म्हणतं, रात्रीतून देवदूत आला आणि सकाळी अश्शूरी छावणीत १,८५,००० प्रेतं पडली होती. इतिहासकार साथीचा रोग, मिसरी फौजेची भीती, पुरेशी खंडणी, अशी कारणं मांडतात. त्या वादात इथे पडायचं कारण नाही. यशयानं या मोहिमांकडे कसं पाहिलं ते जास्त मोलाचं आहे.

यशयाच्या दहाव्या अध्यायात अश्शूर ही यहोवाच्या हातातली काठी आहे. बिघडलेल्या राष्ट्राला, म्हणजे खुद्द यहूदाला, फटकावण्यासाठी त्यानं ती उचलली आहे. इथपर्यंत रब्शाके आणि यशया एकाच सुरात बोलतात. पण काठीला आपण काठी आहोत हे ठाऊक नाही. अश्शूरचा राजा समजतो, हे सगळं माझ्या बाहुबळानं, माझ्या अकलेनं झालं. पाखराच्या घरट्यातली अंडी गोळा करावीत तशी मी राष्ट्रं गोळा केली. यशया विचारतो, कुऱ्हाड कधी तोडणाऱ्यापुढे मिजास करते का? करवत चालवणाऱ्यापेक्षा स्वतःला मोठी म्हणवते का? मालकाचं काम उरकलं की तो कुऱ्हाडीचाही हिशेब घेणार आहे. शिक्षेचं काम दिलं होतं, कत्तलीचा शौक कुणी करायला सांगितला होता?

एका दगडात किती पाखरं! यहूदा हरला म्हणून यहोवा हरला असं होत नाही. अश्शूर जिंकला म्हणून अश्शूर बरोबर होता असंही होत नाही. बळी पडलेला निर्दोष ठरत नाही आणि मारणारा सुटत नाही. विजयाची आणि न्यायाची अशी फारकत निनवेच्या दरबारात कुणाला सुचण्याचं कारण नव्हतं, ती गरज हरणाऱ्याची होती. पुढे इ.स.पू. ६१२ मध्ये निनवे बाबेली आणि मादी फौजांपुढे पडलं. लाखीशच्या शिलापटातल्या सन्हेरीबचा चेहरा कुणीतरी ठोकून काढलेला आहे; ते काम त्याच धामधुमीतलं असावं, असं समजलं जातं.

किमतीचा मुद्दा मात्र यशयाच्या जरा आधी, आमोसनं काढला होता. आमोस दक्षिणेतल्या तकोवाचा, मेंढरं राखणारा आणि रानउंबरांची निगा करणारा. साधारण इ.स.पू. ७६० ते ७५० च्या दरम्यान तो उत्तरेच्या इस्राएल राज्यात बेथेलच्या राजमंदिरापाशी जाऊन उभा राहिला. दुसऱ्या यराबामचे ते सुबत्तेचे दिवस. हस्तिदंती महाल, चांदीचा झगमगाट. आमोसचं भाषण रचनेच्या दृष्टीनं अफलातून आहे. तो सुरुवात करतो दिमिष्कपासून: यांनी गिलादची माणसं लोखंडी दात्यांच्या मळणीयंत्राखाली घातली, यांना शिक्षा होणार. श्रोते खूश. मग गज्जा: अख्खी गावं धरून गुलाम म्हणून विकली. मग सोर, अदोम, अमोन. सीमा वाढवण्यासाठी अमोन्यांनी गरोदर बायकांची पोटं फाडली. नकाशावर पाहिलं तर आमोस श्रोत्यांभोवती फेरी मारत जवळ जवळ येतोय, पण जयघोषात ते कुणाच्या लक्षात आलं असेल?

सहावा नंबर मवाबचा, आणि इथे मी नेहमी थबकतो. मवाबचा गुन्हा काय? त्यानं अदोमच्या राजाची हाडं जाळून त्यांचा चुना केला. यात इस्राएलचा काही संबंध नाही. एका परक्यानं दुसऱ्या परक्याच्या प्रेताची विटंबना केली, आणि त्याची नोंद यहोवानं ठेवली आहे. मवाब्याचा देव कमोश, अदोम्याचा देव निराळा, तरी फिर्याद या कोर्टात. ना यातल्या कुणी सीनाय पर्वतावरचं नियमशास्त्र ऐकलेलं, ना कुणाशी करार झालेला. काही गोष्टी माणसानं माणसाशी करायच्या नसतात, एवढं प्रत्येक राष्ट्राला कळायला हवं, हे आमोस गृहीत धरतो. युद्धगुन्ह्यांची अशी यादी, शत्रू-मित्र न बघता केलेली, त्या काळातल्या दुसऱ्या एखाद्या लेखनात माझ्या पाहण्यात नाही.

मग यहूदा. आणि सरतेशेवटी, सगळ्यात लांबलचक, इस्राएल. इथे गरोदर बायका नाहीत, जाळलेली हाडं नाहीत. इथले गुन्हे सावकारीचे आहेत. चांदीसाठी निरपराध माणूस विकला, जोडाभर चपलांसाठी गरीब विकला; गहाण घेतलेली पांघरुणं अंथरून लोक वेदीशेजारी निवांत लोळतात. आमोसच्या तराजूत हे दिमिष्कच्या मळणीयंत्राच्या पंगतीला बसतं. मंदिराचा याजक अमस्या यानं त्याला तिथून घालवून दिलं, यात आश्चर्य ते काय!

पुस्तकाच्या शेवटाकडे तर आमोस इस्राएलच्या मर्मावरच बोट ठेवतो. मिसरच्या दास्यातून आम्हाला सोडवून आणलं, ही या लोकांची सगळ्यात पवित्र आठवण. आमोसच्या तोंडून यहोवा विचारतो, तुम्ही मला कूशी लोकांसारखेच नाही का? कूश म्हणजे मिसरच्या दक्षिणेचा नाईलकाठचा मुलूख. मी तुम्हाला मिसरातून आणलं तसं पलिष्ट्यांना कफ्तोरहून आणलं, अराम्यांना कीरहून आणलं. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांचे हे दोन वैरी, त्यांचंही निर्गमन याच देवानं घडवलं! सगळ्या राष्ट्रांचा धनी म्हटलं की घरच्यांचा खास हक्क संपतो, हे इतकं उघड बायबलमध्ये दुसरीकडे क्वचितच बोललं गेलंय.

सुमारे दीडशे वर्षांनी यिर्मया संदेष्ट्यानं हीच गोष्ट स्वतःच्या मानेवर वाहिली. आता धाक बाबेलचा होता. इ.स.पू. ५९७ मध्ये तिथला राजा नबुखद्नेस्सर यानं यरुशलेम घेऊन तरुण राजा यहोयाखीनला कैदेत नेलं आणि त्याचा चुलता सिद्कीया याला गादीवर बसवलं. ५९४ च्या सुमारास अदोम, मवाब, अमोन, सोर आणि सीदोन यांचे वकील यरुशलेमात जमले, बहुधा बंडाची खलबतं करायला. यिर्मया तिथे लाकडी जू मानेवर घेऊन आला. या वकिलांबरोबर त्यानं त्यांच्या राजांना निरोप पाठवला: पृथ्वी मी केली, ती मला वाटेल त्याला देतो, सध्या मी ती माझा सेवक नबुखद्नेस्सर याला दिली आहे, रानातली जनावरंसुद्धा. मान द्या आणि जगा. त्याचीही वेळ भरेल, तेव्हा त्यालाही दुसऱ्यांची चाकरी करावी लागेल.

‘माझा सेवक’ हे बिरुद बायबलमध्ये मोशेचं, दावीदाचं. ते यरुशलेम लुटणाऱ्या राजाला! लोकांनी यिर्मयाला फितूर म्हटलं, आणि त्यांच्या जागी बसून पाहिलं तर त्यांना दोष देववत नाही. हनन्या नावाच्या दुसऱ्या संदेष्ट्यानं मंदिरात सगळ्यांसमक्ष ते जू यिर्मयाच्या मानेवरून काढून मोडलं आणि दोन वर्षांत सगळे परत येतील असं जाहीर केलं. यिर्मया यावर म्हणाला, आमेन, देव करो आणि तसंच होवो. आणि निघून गेला. नंतर परत येऊन त्यानं सांगितलं की लाकडी जू मोडलंत, आता लोखंडी येईल.

पुढे बाबेली सैन्याचा वेढा पडल्यावर त्याच्यावर सैन्याचं मनोधैर्य खचवल्याचा आरोप आला. अधिकाऱ्यांनी त्याला दोरांनी एका हौदात सोडलं. पाणी नव्हतं, नुसता चिखल, त्यात तो रुतत गेला. त्याला वाचवलं ते राजवाड्यातल्या एबद-मलेख या कूशी चाकरानं. त्यानं भांडाराखालच्या खोलीतून जुन्या चिंध्या आणि फाटके कपडे गोळा केले, दोरानं खाली सोडले आणि यिर्मयाला सांगितलं की हे काखेत धर, म्हणजे दोर काचणार नाही. राज्य बुडत असताना कुणाच्या काखेत दोर काचेल याचा विचार करणारा तो एक परदेशी माणूस. ज्या कूशी लोकांची आमोसनं याद काढली होती, त्यांच्यापैकीच.

इ.स.पू. ५८६ मध्ये शहर पडलं, मंदिर जळालं. यहुदी लोक आब महिन्याच्या नवमीला त्या दिवसाचा उपास करतात. कोकणातल्या बेने इस्राएल समाजानं या उपासाला बिरड्याचं नाव दिलं, कारण तो सोडायचा तो वालाच्या बिरड्यानं.

जुन्या हिशेबानं यहोवा इथे संपायला हवा होता. घर जळालं, राजा कैदेत, भूमी गेली. कमोश, मिल्कोम यांचे भक्त आज जगात कुठे नाहीत. यहोवाचे राहिले, कारण त्याच्या संदेष्ट्यांनी पराभवाची तरतूद आधीच करून ठेवली होती. ज्याच्या हाती बाबेलही आहे तो बाबेलकडून हरू शकत नाही. यिर्मयानं बाबेलला नेलेल्या निर्वासितांना पत्र लिहिलं: घरं बांधा, बागा लावा, पोरांची लग्नं करा, आणि ज्या शहरात आहात त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. नामानला दोन खेचरांची माती लागली होती. या लोकांना मातीही नको झाली. जर्मन उत्खननात बाबेलच्या राजवाड्यात शिध्याच्या नोंदींच्या इष्टिका सापडल्या, त्यांत यहूदाचा राजा यहोयाखीन आणि त्याचे पाच मुलगे यांना दिलेल्या तेलाचा हिशेब आहे. कैदी राजाच्या नावावर तेलाचं माप चढवणाऱ्या कारकुनाला या लोकांच्या डोक्यात काय शिजतंय याची कल्पना असणं शक्यच नव्हतं.

जे शिजलं ते यशयाच्या पुस्तकाच्या ४० ते ५५ या अध्यायांत आहे. बहुतेक अभ्यासक हे अध्याय हद्दपारीच्या अखेरच्या वर्षांतल्या एका अनामिक संदेष्ट्याचे मानतात. राष्ट्रं त्याला बादलीच्या काठावरच्या थेंबाएवढी वाटतात. बाबेलच्या उत्सवात मिरवणारे बेल आणि नबो यांच्या मूर्ती थकलेल्या जनावरांच्या पाठीवर ओझं होऊन बसल्यात, असं चित्र तो रंगवतो. भक्तांना देव वाहावा लागतो. आमचा देव जन्मापासून म्हातारपणापर्यंत आम्हाला वाहतो. आणि मग तो इराणच्या कोरेश राजाला हाक मारतो, आज आपण ज्याला सायरस म्हणतो त्याला. यहोवानं त्याचा उजवा हात धरला आहे, त्याला नावानं बोलावलं आहे, तो त्याचा अभिषिक्त आहे. अभिषिक्त, म्हणजे मशीहा. हिब्रू बायबलमध्ये ही पदवी मिळालेला हा एकमेव परराष्ट्रीय राजा.

ऐकणाऱ्यांना हे रुचलेलं दिसत नाही, कारण लगेच पुढे संदेष्टा कुरकुर करणाऱ्यांना झापतो: माती कुंभाराला विचारते का, तू हे काय करतोस? दावीदाचा वंश सोडून एक इराणी आम्हाला सोडवणार, हे त्यांच्या घशाखाली उतरलं नसेल.

इ.स.पू. ५३९ च्या ऑक्टोबरात कोरेश बाबेलमध्ये शिरला. १८७९ मध्ये मोसुलचा हर्मुझ्द रस्साम बाबेलमध्ये खणत होता, तेव्हा भाजक्या मातीचं सुमारे २२ सेंटिमीटर लांबीचं एक नळकांडं हाती आलं. त्यावर कोरेशचा जाहीरनामा आहे. (२०१३ च्या डिसेंबरात ते मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आलं होतं.) तो वाचताना माणूस चमकतो. मर्दूक बाबेलच्या राजावर रागावला, त्यानं सगळे देश धुंडाळले, एक न्यायी राजा शोधला, त्याचा हात धरला आणि कोरेश अशी नावानं हाक मारली. तोच हात, तीच हाक. फक्त देव दुसरा. इथे यहोवाचा उल्लेखही नाही, यरुशलेमचाही नाही.

यावर कुणी म्हणेल, सगळे पुरोहित सारखेच, जिंकणाऱ्याला आपापल्या देवाची चिठ्ठी देऊन मोकळे. त्यात तथ्य आहे. पण मर्दूकचं प्रशस्तिपत्र खुद्द सम्राटाच्या नावानं निघालं, बाबेलच्या तटात पुरलं गेलं. यहोवाचं प्रशस्तिपत्र ज्यांनी दिलं त्यांच्याकडे ना मंदिर होतं ना राजा. आणि त्यात एक कबुली नोंदलेली आहे: कोरेश आपल्याला ओळखत नाही हे यहोवा दोनदा बोलून दाखवतो. नळकांड्यावरून दिसतं की तेवढं तरी अक्षरशः खरं होतं. या संदेष्ट्याला राजाच्या पावतीची गरज वाटली नाही. राजा देवाचं काम करतोय याला राजाची श्रद्धा लागत नाही, तशीच श्रद्धा असली म्हणून राजा सुटतही नाही.

हा विचार निर्धोक मुळीच नाही. काठीचा सिद्धान्त अर्धा उचलला तर प्रत्येक जेत्याला देवाचा परवाना मिळतो. आपल्याकडेही एकोणिसाव्या शतकात इंग्रजी राज्य ही ईश्वरी योजना आहे, असं लोकहितवादींपासून न्यायमूर्ती रानड्यांपर्यंत अनेक शहाणी माणसं मानत होती. त्यांची विचारधारा निराळी, हेतू सुधारणेचा. पण काठीला जाब विचारण्याचा यशयाचा उत्तरार्ध अशा मांडणीत हटकून मागे पडतो. साम्राज्यांना पूर्वार्ध तेवढा आवडतो. रब्शाकेलाही आवडला होता.

पेच बायबलच्या आतही उमटला आहे. हबक्कूक नावाचा संदेष्टा देवाला तोंडावर विचारतो, आम्ही वाईट असू, पण आमच्याहून वाईट असलेल्या बाबेलकडून आम्हाला गिळू कसं देतोस? माणसांना तू समुद्रातल्या माशांसारखं केलंस, आणि हा कोळी जाळं रिकामं करतोय, भरतोय, आणि जाळ्यालाच नैवेद्य दाखवतोय. असं विचारून तो उत्तराची वाट पाहत बुरुजावर जाऊन उभा राहतो.

खरा तडा पडला इ.स.पू. १६७ मध्ये. सिरियाचा ग्रीक राजा चौथा अँटिओकस यानं यरुशलेमचं मंदिर भ्रष्ट केलं आणि नियमशास्त्र पाळणाऱ्यांना मारायला सुरुवात केली. आजवर पराभव म्हणजे पापाची शिक्षा होती. आता जो जास्त प्रामाणिक तोच आधी मरत होता. मग काठी कुणाची, आणि फटका कशाचा? दानीएलचं पुस्तक आजच्या रूपात याच वर्षांत सिद्ध झालं असं बहुतेक अभ्यासकांचं मत आहे. नबुखद्नेस्सर राजवाड्याच्या गच्चीवर फिरताना हे बाबेल मीच बांधलं म्हणतो आणि बैलासारखा गवत खायला लागतो. बेलशस्सरच्या मेजवानीत भिंतीवर बोटं लिहू लागतात. या गोष्टी सर्वांच्या परिचयाच्या आहेत, खुमासदार आहेत. मला त्याहून महत्त्वाचे वाटतात ते भट्टीसमोर उभे राहिलेले तीन तरुण. आमचा देव आम्हाला सोडवायला समर्थ आहे, असं ते राजाला सांगतात, आणि पुढे जोडतात की त्यानं नाही सोडवलं तरी तुझ्या मूर्तीपुढे आम्ही वाकणार नाही. राष्ट्रांचा हिशेब आजच्या आज चुकता होईल ही अपेक्षा इथे सुटलेली आहे. दानीएल तो हिशेब काळाच्या शेवटावर ढकलतो आणि मेलेल्यांना उठवण्याची भाषा करतो.

राष्ट्रांवरची सत्ता म्हणजे केवळ शिक्षेचीच सत्ता का, हा प्रश्न उरतोच. त्यावर योनाचं चिमुकलं पुस्तक आहे. योनाला निनवेत जाऊन शहर बुडणार असं सांगायचं असतं, आणि तो उलट्या दिशेच्या जहाजात बसतो. मोठ्या माशाच्या नादात लोक त्याच्या पळण्याचं कारण विसरतात. त्याला भीती निनवेकरांची वाटत नव्हती. देव त्यांना माफ करील याची वाटत होती. तसंच होतं, आणि योना रुसून बसतो. देव त्याला विचारतो, डावंउजवं न कळणारी १,२०,००० हून जास्त माणसं तिथे आहेत, शिवाय पुष्कळ गुरंढोरं, त्यांची मला कीव येऊ नये? योनाचं उत्तर पुस्तकात नाही.

यशयाच्या एकोणिसाव्या अध्यायाचा शेवट याच्याही पुढे जातो. मिसर आणि अश्शूर या दोन महासत्तांमध्ये एक राजमार्ग होईल, असं तिथे म्हटलंय. यहूदाच्या माणसाला तो रस्ता चांगलाच माहीत होता, कारण दोन्हीकडचं सैन्य त्यावरूनच येई. आता त्यावरून मिसरी अश्शूरला जातील, अश्शूरी मिसरात येतील आणि दोघं मिळून उपासना करतील. यहोवा तिघांना आशीर्वाद देतो. मिसरला तो माझी प्रजा म्हणतो, अश्शूरला माझ्या हातची कृती, इस्राएलला माझं वतन. या तिघांत इस्राएल तिसरा, असं तिथे स्पष्ट लिहिलं आहे.